एमिली डिकिन्सनचीं बाडें : अमेरिकन काव्याच्या एका हस्तलिखित-संग्रहाची हकीकत

१. विषयाचें प्रयोजन

एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकन काव्याचा अभ्यास करूं लागणारास दोन नांवें आरंभींच भेटतात : वॉल्ट व्हिटमन आणि एमिली डिकिन्सन. दोघेंही एकाच काळीं लिहीत होतीं; परंतु त्यांच्या काव्याचीं साधनें अगदीं भिन्न जातीचीं आहेत. व्हिटमन हा मूळचा छापखान्यांतला माणूस. ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ हें त्याचें पुस्तक १८५५ सालीं ब्रुकलिन येथील रोम बंधूंच्या छापखान्यांत निघालें. त्या वेळीं त्यांत अवघ्या १२ कविता होत्या व ७९५ प्रती छापल्या होत्या. कांहीं पानांचे खिळे खुद्द कवीनें जुळविले होते. तेव्हांपासून १८९१-९२ च्या अखेरच्या आवृत्तीपर्यंत तो तेंच पुस्तक वाढवीत, बदलीत व पुन्हां छापीत राहिला. अशा कवीचा पाठ ठरविणारानें छापील आवृत्त्या क्रमानें समोर मांडल्या म्हणजे त्याचें बरेंचसें काम होतें. कारण प्रत्येक आवृत्तीवरून कवीची स्वतःची नजर फिरलेली असते.

एमिली डिकिन्सनची गोष्ट याच्या उलट आहे. तिच्या नांवावर आज १,७८९ कविता मोजल्या जातात. त्यांपैकीं तिच्या हयातींत छापल्या गेलेल्या ज्ञात कविता जेमतेम दहा, त्याही निनांवी. तिनें पाहिलेलें, तपासलेलें, मान्य केलेलें असें एकही पुस्तक नाहीं. जें आहे तें बहुतेक सर्व तिच्या हातचें लिखाण : शिवलेलीं बाडें, सुटे ताव, पत्रें, पाकिटांचे तुकडे. सबब या कवयित्रीच्या बाबतींत काव्याचा अभ्यास आणि हस्तलिखितांचा अभ्यास हीं दोन कामें वेगळीं करतांच येत नाहींत.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें; अमेरिकन काव्य हा त्याचा मूळचा व्यासंग नव्हे. तथापि पोथ्या जमविणारांस व त्यांचे पाठ लावणारांस जे प्रश्न नेहमीं पडतात, ते बहुतेक सर्व या एका बाईच्या कागदांत एकत्र आले आहेत. आपल्याकडील पोथ्यांच्या बाबतींत जी हकीकत शतकांच्या अंधारांत बुडालेली असते, ती येथें सालवारीनें उपलब्ध आहे. कागद कोणाच्या हातीं गेले, कोणीं त्यांचें काय केलें व त्यायोगें काव्याची काय अवस्था झाली, हें सांगावें एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

२. कवयित्री आणि दोन घरें

एमिली डिकिन्सन हिचा जन्म १० डिसेंबर १८३० रोजीं मॅसॅच्युसेट्स राज्यांतील ॲमहर्स्ट गांवीं झाला. वडील एडवर्ड डिकिन्सन हे वकील, ॲमहर्स्ट कॉलेजचे कोषाध्यक्ष व कांहीं काळ अमेरिकन काँग्रेसचे सभासद होते. घरांत थोरला भाऊ ऑस्टिन व धाकटी बहीण लॅव्हिनिया. एमिलीचें १८४७-४८ हें वर्ष माउंट होलिओक येथील स्त्रियांच्या विद्यालयांत गेलें. पुढें ती हळूहळू घराबाहेर पडेनाशी झाली. दोघी बहिणी अविवाहित राहिल्या. ऑस्टिनचें लग्न १८५६ सालीं सुझन गिल्बर्ट हिच्याशीं झालें, व तें जोडपें शेजारच्याच घरांत राहूं लागलें. सुझन ही एमिलीची जिवलग मैत्रीण. तिच्याकडे एमिलीनें आयुष्यभर कविता पाठविल्या व कांहींविषयीं तिचा अभिप्राय घेतला. वाचकांनीं या दोन घरांची जागा ध्यानांत ठेवावी. पुढें कागदांची जी वांटणी झाली, तिचें मूळ या दोन घरांमधील बेबनावांत आहे.

१८६२ सालच्या एप्रिलमध्यें ‘अटलांटिक मंथली’ मासिकांत टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांनीं नवशिक्या लेखकांस उद्देशून एक लेख लिहिला. तो वाचून एमिलीनें त्यांस पत्र पाठविलें व सोबत चार कविता धाडल्या. हिगिन्सन हे गुलामगिरीविरुद्धच्या चळवळींतील एक पुढारी. त्याच वर्षाच्या अखेरीस ते यादवी युद्धांत कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीचे कर्नल झाले. हा पत्रव्यवहार एमिलीच्या अखेरपर्यंत चालला, व १८७० सालीं हिगिन्सन तिला ॲमहर्स्ट येथें प्रत्यक्ष भेटले. कविता त्यांना ओबडधोबड वाटल्या. पण पत्रें त्यांनीं जपून ठेवलीं, आणि तीं आज बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयांत आहेत.

याच पत्रांत पाठचिकित्सेच्या दृष्टीनें एक मोलाचा पुरावा आहे. १८६६ च्या फेब्रुवारींत तिची सापावरील एक कविता ‘स्प्रिंगफील्ड रिपब्लिकन’ या वृत्तपत्रांत छापून आली. छापतांना तिसऱ्या ओळीच्या शेवटीं एक विरामचिन्ह घातलें गेलें. त्यावर एमिलीनें हिगिन्सन यांस लिहिलें कीं, कविता आपणांकडून हिरावून नेलेली आहे, आणि तिसरी व चौथी ओळ एकच असतां त्या चिन्हानें त्यांची फारकत केली आहे. एका चिन्हानें अर्थ मोडतो असें जिला वाटत होतें, तिच्या लिखाणांतील शेंकडों आडव्या रेघा व अनपेक्षित मोठीं अक्षरें हीं केवळ बेफिकिरीचीं द्योतकें होत, असें पुढील संपादकांस म्हणतां येत नाहीं.

३. बाडांची घडण

१८५८ च्या सुमारास तिनें आपल्या कवितांच्या साफ नकला करण्यास आरंभ केला. तिची रीत अशी. कारखान्यांतून मधोमध दुमडून आलेला, पत्रें लिहिण्याचा कागद घ्यावयाचा. त्याच्या चार पानांवर शाईनें कविता उतरावयाच्या. असे कांहीं ताव एकावर एक रचावयाचे. कडेला दोन भोकें पाडून त्यांतून दोरा ओवावयाचा व गांठ मारावयाची. १८६४ पर्यंत अशीं ४० बाडें सिद्ध झालीं व त्यांत ८०० हून अधिक कविता उतरल्या. इंग्रजी अभ्यासक यांस ‘फॅसिकल’ म्हणतात. आपल्याकडील मठांतून मिळणाऱ्या शिवलेल्या वह्यांस जो शब्द आहे तोच मीं येथें योजिला आहे.

संग्राहकानें या रचनेंतील एक बारकावा लक्षांत घ्यावा. छापील पुस्तकांत दुमडलेले ताव एकाच्या पोटांत एक घालून मग शिवतात. त्यामुळें दोरा तुटला तरी तावांचा परस्परसंबंध बराचसा कळतो. एमिलीनें ते पोटांत न घालतां नुसते एकावर एक ठेवले. बाडावर नांव नाहीं, पानांवर आंकडे नाहींत, कवितांना बहुधा शीर्षक नाहीं, तारीख नाहीं, अनुक्रमणिका नाहीं. कोणता ताव कोणत्या तावाखालीं, हें सांगणारा एकच साक्षीदार, आणि तो म्हणजे दोरा.

१८६४ नंतर तिनें शिवणें सोडलें. त्यापुढील कांहीं वर्षांतील न शिवलेले ताव अभ्यासकांनीं पंधरा गटांत मांडले आहेत. उत्तरायुष्यांतील पुष्कळ लिखाण तर खर्ड्याच्याच स्वरूपांत राहिलें. जुन्या पाकिटांच्या आंतील बाजूवर, चिटोऱ्यांवर, एका ठिकाणीं तर चॉकलेटच्या वेष्टणावर तिनें पेन्सिलीनें कविता टिपल्या आहेत. उलगडलेल्या पाकिटाच्या तिरप्या कडेबरोबर तिच्या ओळीही तिरप्या धांवतात.

४. पाठभेद कीं विकल्प ?

या बाडांत जी गोष्ट आपल्या पोथ्यांत सहसा आढळत नाहीं, ती आतां सांगतों. सुमारें १८६१ पासूनच्या नकलांत अनेक शब्दांपाशीं अधिक चिन्हासारखी एक बारीक फुली दिसते. कवितेच्या शेवटीं किंवा पानाच्या तळाशीं तशाच फुल्या करून दुसरे शब्द दिलेले असतात. कधीं एका शब्दासाठीं एक, कधीं तीन-चार. मूळ शब्द खोडलेला नाहीं, आणि तळच्या शब्दांपैकीं कोणता घ्यावा याचाही निर्णय नाहीं. म्हणजे साफ नक्कल करून, दोऱ्यानें शिवून, कवयित्रीनें प्रश्न उघडाच ठेवला आहे.

आपण ज्यांस पाठभेद म्हणतों ते नकलकारांच्या हातून उत्पन्न झालेले असतात. एकानें चुकून वाचलें, दुसऱ्यानें सुधारलें, तिसऱ्यानें समासांतील टीप मजकुरांत ओढली; आणि या गुंत्यामागें कर्त्याचा एकच पाठ होता असें गृहीत धरून तो शोधणें हें संशोधकाचें काम. येथें तें गृहीतच ढासळतें. हीं पाठान्तरें कर्त्रीच्या स्वतःच्या हातचीं आहेत. संस्कृताच्या विद्यार्थ्यास याहून जवळची उपमा व्याकरणांत मिळेल. पाणिनीच्या सूत्रांत ‘वा’ किंवा ‘विभाषा’ हें पद आलें म्हणजे दोन रूपें सिद्ध होतात व परंपरा दोन्ही साधु मानते. त्यांतील एक खरें व दुसरें भ्रष्ट असें कोणी म्हणत नाहीं. डिकिन्सनच्या फुल्या या पाठभेदाच्या नसून विकल्पाच्या खुणा आहेत, असें मला वाटतें. शॅरन कॅमेरन या विदुषीनें १९९२ सालच्या आपल्या ग्रंथांत सुमारें हेंच मत मांडलें आहे कीं, निवड न करणें हीच या कवयित्रीची निवड होती.

तरीही छापणारास एक शब्द निवडावा लागतोच. छापील ओळींत दोन शब्द एकाच जागीं बसत नाहींत. हस्तलिखिताकडून पुस्तकाकडे जातांना या काव्याचें कांहीं तरी अपरिहार्यपणें गळतें. संपादक कितीही प्रामाणिक असो.

५. पहिलें मुद्रण

१५ मे १८८६ रोजीं एमिली वारली. तिच्या इच्छेप्रमाणें लॅव्हिनियानें तिला आलेलीं पत्रें जाळून टाकलीं. त्यानंतर आवराआवर करतांना कवितांचा हा सांठा तिच्या हातीं लागला. बहीण लिहिते हें तिला ठाऊक होतें, पण एवढें लिहिलें आहे याची कल्पना नव्हती. कविता जाळाव्या अशी आज्ञा नव्हती, म्हणून त्या वांचल्या.

लॅव्हिनियानें कागद प्रथम सुझनकडे नेले. सुझनच्या हातून काम लांबत चाललें, तेव्हां तिनें ते मेबल लूमिस टॉड या बाईंकडे सोंपविले. टॉडबाई ॲमहर्स्ट कॉलेजांतील ज्योतिषाच्या अध्यापकाच्या पत्नी. १८८२ पासून ऑस्टिन व टॉडबाई यांचे प्रेमसंबंध होते, आणि तें दोन्ही घरांत ठाऊक होतें. सुझनच्या ताब्यांतून निघालेले कागद टॉडबाईंच्या हातीं गेले, या गोष्टीचा अर्थ यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल. मौज अशी कीं, टॉडबाई डिकिन्सनांच्या घरीं जात-येत असतांही एमिलीशीं त्यांची समोरासमोर भेट कधींच झाली नाहीं.

टॉडबाईंनीं अनेक वर्षें बसून, कांहीं हातानें व कांहीं टंकयंत्रावर, शेंकडों कविता उतरून काढल्या. हिगिन्सन सहसंपादक झाले. बोस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशकांनीं पुस्तक स्वीकारलें, पण छपाईच्या पट्ट्यांचा खर्च लॅव्हिनियानें द्यावा अशी अट घातली. १८९० च्या नोव्हेंबरांत ५०० प्रतींचें पहिलें मुद्रण निघालें. दोन वर्षांच्या आंत त्याचीं अकरा मुद्रणें झालीं. १८९१ व १८९६ सालीं आणखी दोन भाग व १८९४ मध्यें पत्रांचे दोन खंड प्रसिद्ध झाले.

या यशाची किंमत काव्यानें दिली. संपादकांनीं कवितांना शीर्षकें दिलीं, जीवन, प्रेम, निसर्ग, काल व अनंतता अशा चार प्रकरणांत त्या वांटल्या, आडव्या रेघांच्या जागीं स्वल्पविराम घातले, मोठीं अक्षरें लहान केलीं, यमकें सुधारलीं. दोन उदाहरणें पुरेत. मृत्यू रथ घेऊन आपणांस नेण्यास आला, अशा आशयाची तिची एक प्रसिद्ध कविता आहे. तिला ‘रथ’ असें नांव देऊन तिचें चौथें कडवें समूळ गाळलें गेलें. पुढील कडव्यांत दोन ओळींच्या अंतीं ‘जमीन’ या अर्थाचा एकच शब्द आला होता. तें यमक सदोष वाटून दुसऱ्या ठिकाणीं ‘उंचवटा’ या अर्थाचा शब्द बसविला गेला. वास्तविक कबरीच्या दारांत उभ्या असलेल्या माणसाला सर्वत्र तीच जमीन दिसते, हाच त्या पुनरुक्तीचा अर्थ होता.

दुसरें उदाहरण याहून बोधप्रद आहे. शुभ्र दगडी कबरींत निजलेल्या मृतांविषयींची तिची कविता प्रथम १८५९ च्या सुमारास रचली गेली. सुझनशीं झालेल्या चर्चेवरून १८६१ मध्यें तिनें तिचें दुसरें कडवें अगदीं नवें लिहिलें. पहिल्या रचनेंत त्या कडव्यांत वारा, मधमाशी व पांखरें आहेत. दुसरींत ग्रहगोलांच्या कमानी व राजमुकुटांचें पतन आहे. कवितेचे हे दोन पर्याय स्वतंत्र असून ते दोन वेगवेगळ्या बाडांत आहेत. १८९० च्या संपादकांनीं एक समान कडवें व दोन्ही पर्यायी कडवीं मिळून तीन कडव्यांची एकच कविता करून छापली. ज्यास आपण संकरित पाठ म्हणतों त्याचा याहून शुद्ध नमुना मिळणें कठीण. कारण येथें दोन्ही मूळ प्रती व संकर करणारांचीं नांवें आपणांसमोर आहेत.

हें सर्व लिहिल्यावर टॉडबाईंच्या श्रमांविषयीं कृतज्ञता व्यक्त न करणें अन्यायाचें होईल. त्यांनीं हें ओझें उचललें नसतें तर पुष्कळसें काव्य काळाच्या उदरांत गडप झालें असतें. कित्येक कवितांचे अस्सल कागद पुढें नाहींसे झाले असून त्या आज केवळ टॉडबाईंच्या नकलांवरून किंवा त्यांच्या मुद्रणावरून ज्ञात आहेत. परंतु नकला करण्याच्या या खटाटोपांत दोरे निघाले व ताव सुटे झाले, हेंही तितकेंच खरें आहे.

६. जमिनीचा तंटा व बंद पेटी

१८९५ सालीं ऑस्टिन वारला. कवितांसाठीं घेतलेल्या श्रमांबद्दल टॉड दांपत्यास जमिनीची एक पट्टी द्यावी असें त्याच्या मनांत होतें. १८९६ मध्यें लॅव्हिनियानें तशा दस्तऐवजावर सही केली. पण लवकरच, सही फसवून घेतली असा आरोप करून तिनें फिर्याद लावली. १८९८ सालीं निकाल लॅव्हिनियाच्या बाजूनें लागला. टॉडबाईंनीं आपल्याकडे राहिलेले कागद कापुराच्या लांकडाच्या एका पेटींत घालून कुलूप लावलें. त्या पेटींत साडेसहाशेंच्या आसपास अप्रकाशित कविता होत्या.

ती पेटी सुमारें तीस वर्षें उघडली नाहीं. दरम्यान लॅव्हिनिया १८९९ मध्यें वारली. तिच्याकडील बाडें शेजारच्या घरांत, सुझन व तिची कन्या मार्था डिकिन्सन बियांकी यांच्याकडे गेलीं. सुझन १९१३ मध्यें वारल्यावर बियांकीबाईंनीं १९१४ सालीं आईकडे आलेल्या कवितांचा एक संग्रह काढला व १९२९ आणि १९३५ मध्यें आणखी कविता प्रसिद्ध केल्या. इकडे टॉडबाईंनीं आपली कन्या मिलिसेंट टॉड बिंगम हिच्या साहाय्यानें पेटींतील कागदांचें काम पुन्हां हातीं घेतलें. १९३२ मध्यें टॉडबाई वारल्या. आणि त्या कवितांचा संग्रह १९४५ सालीं, कवयित्रीच्या मृत्यूनंतर ५९ वर्षांनीं, जगासमोर आला. सबंध काव्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग एवढा काळ कोणासही वाचावयास मिळाला नाहीं, आणि त्याला निमित्त झालें तें जमिनीच्या एका पट्टीचें.

भांडणाचे व्रण खुद्द कागदांवरही आहेत. ऑस्टिनला लिहिलेल्या जुन्या पत्रांतून सुझनचा उल्लेख असलेले शब्द खरवडलेले व कांहीं भाग कात्रीनें कापलेले आढळतात. एका आरंभींच्या बाडांत सुझनच्या स्तुतीची जी कविता आहे, तिच्या ओळी शाईनें गिरवून वाचतां येऊं नयेत अशा केल्या आहेत. ती कविता आज आपणांस कळते ती एमिलीनें तिची दुसरी प्रत सुझनलाच पाठविली होती म्हणून. एका घरांत जें पुसलें गेलें तें दुसऱ्या घरांत टिकलें.

दोन घरांची ही वांटणी पुढें दोन संस्थांत कायम झाली. बियांकीबाईंच्या वारसाकडील संग्रह १९५० सालीं गिल्बर्ट माँटेग्यू यांनीं विकत घेऊन हार्वर्ड विद्यापीठास दिला. तो तेथील हौटन ग्रंथालयांत आहे. बिंगमबाईंनीं आपल्याकडील कागद १९५६ मध्यें ॲमहर्स्ट कॉलेजला दिले.

७. शोधित आवृत्त्या व कालनिर्णय

दोन्ही बाजूंचें साहित्य तपासून पहिली शोधित आवृत्ती टॉमस जॉन्सन यांनीं १९५५ सालीं तीन खंडांत सिद्ध केली. तींत १,७७५ कविता आहेत. आडव्या रेघा व मोठीं अक्षरें परत आलीं, संपादकांनीं घातलेलीं शीर्षकें गेलीं, आणि विकल्प तळटिपांत मिळूं लागले. मुख्य अडचण कालनिर्णयाची होती, कारण कवितांवर तारखा नाहींत. परंतु ज्यांचा काळ इतर पुराव्यानें ठरतो अशीं तिचीं पत्रें आहेत. थिओडोरा वॉर्ड यांनीं त्या पत्रांतील अक्षराचा वर्षवार तपशील तयार केला. तरुणपणीं तिचें अक्षर जोडलेलें व बारीक आहे. पुढें तें मोठें व सुटें होत जातें. अखेरच्या वर्षांत प्रत्येक अक्षर दुसऱ्यापासून अलग उभें राहतें. हिगिन्सन यांनीं या अक्षरास ॲमहर्स्टच्या संग्रहालयांतील पाषाणांवर उमटलेल्या प्राचीन पक्ष्यांच्या पावलांची उपमा दिली आहे, ती फार समर्पक आहे.

यानंतरचें काम राल्फ फ्रँकलिन यांचें. सुटे झालेले ताव पुन्हां जुळविण्यासाठीं त्यांनीं कवितांचा अर्थ बाजूस ठेवला व कागदाकडे पाहिलें. शिवणीचीं भोकें एका तावावरचीं दुसऱ्या तावावर बरोबर येतात काय. शाईचा ठसा समोरच्या पानावर उमटला आहे काय. डाग, चुरगळ व फाट एकामागून एक पानांत उतरली आहे काय. कागद एकाच जातीचा आहे काय. या पुराव्यानें त्यांनीं चाळीसही बाडांचा क्रम पुन्हां लावला व १९८१ सालीं त्यांचीं छायाचित्रें दोन खंडांत प्रसिद्ध केलीं. दोरा गेला होता, पण दोऱ्यानें पाडलेलीं भोकें राहिलीं होतीं. १९९८ सालीं त्यांची तीन खंडांची सर्वपाठ आवृत्ती निघाली. आरंभीं दिलेला १,७८९ हा आंकडा तींतलाच आहे.

बाडांचा क्रम लागल्यानें चरित्रही बदललें, हें विशेष. जॉन्सन यांच्या गणनेप्रमाणें १८६२ या एका वर्षीं ३६६ कविता पडत होत्या. दिवसास एक कविता, असा अजब योग. त्यावरून त्या वर्षीं तिच्या मनावर कोणता आघात झाला असावा, याविषयीं पुष्कळ तर्क लढविले गेले. फ्रँकलिन यांच्या मांडणींत १८६२ कडे २२७ व १८६३ कडे २९५ कविता येतात. आघाताच्या कल्पनेस आधार असलेला तो आंकडाच फिरला. शिवाय हे काळ नकलेचे आहेत, रचनेचे नव्हेत. जुना खर्डा नंतर उतरून काढलेला असूं शकतो, आणि तिनें खर्डे बहुधा नष्ट केले आहेत. पोथीचा लेखनकाल व ग्रंथाचा रचनाकाल यांची गल्लत करूं नये, हा धडा आपण प्रत्येक नव्या विद्यार्थ्यास देतों. तो येथेंही तसाच लागू पडतो.

८. एक बनावट कागद

मूल्य वाढलें कीं बनावट येते. १९९७ च्या जूनमध्यें सदबीज यांच्या लिलांवांत डिकिन्सनची एक अज्ञात कविता तिच्या हस्ताक्षरांत म्हणून विक्रीस आली व ॲमहर्स्ट येथीलच जोन्स ग्रंथालयानें ती २१,००० डॉलरांच्या बोलीवर घेतली. अक्षराचें वळण १८७१ च्या सुमाराचें, म्हणजे वर सांगितलेल्या कालक्रमाशीं अगदीं जुळतें होतें. परंतु कागद पूर्वीं कोणाकडे होता, याचा माग काढतां काढतां तो मार्क हॉफमन या कुप्रसिद्ध बनावटकारापर्यंत पोहोंचला. हॉफमन त्या वेळीं, १९८५ सालीं बाँबनें केलेल्या दोन खुनांबद्दल, युटा राज्यांत जन्मठेप भोगीत होता. कविता त्यानेंच रचली व त्यानेंच लिहिली, असें उघड झालें. कागद परत गेला व पैसे मिळाले. अक्षराचा क्रम छापून प्रसिद्ध झाला म्हणजे तो अभ्यासकांप्रमाणें भामट्यांसही उपयोगी पडतो. हस्तांतराची अखंड साखळी हा पुरावा तेवढा सहसा रचतां येत नाहीं.

९. अद्याप चाललेले वाद

दोन वाद अजून मिटलेले नाहींत. पहिला ओळींचा. तिचें अक्षर मोठें व कागद लहान. त्यामुळें छंदाची एक ओळ कागदावर पुष्कळदां दोन-तीन तुकड्यांत उतरते. फ्रँकलिन यांच्या मतें हा केवळ कागदाच्या रुंदीचा परिणाम असून छंदाप्रमाणें ओळी जोडून छापाव्या. सुझन हौ या कवयित्रीनें १९९३ सालच्या आपल्या ग्रंथांत याच्या उलट बाजू घेतली आहे : ओळ जेथें मोडली तेथेंच ती मोडावयाची होती. माझ्या मतें निर्णय सरसकट करूं नये. शिवलेल्या बाडांतील साफ नकलांत छंद स्पष्ट आहे, व तुकडे बहुधा कडेपाशींच पडतात. पाकिटांवरील उत्तरकालीन खर्ड्यांत मात्र कागदाचा आकार व शब्दांची मांडणी हीं एकमेकांत अशीं मिसळलीं आहेत कीं, तीं सोडविणें धाडसाचें ठरेल.

दुसरा वाद क्रमाचा. एका बाडांतील वीस कवितांत कांहीं सूत्र आहे, कीं तें केवळ सांभाळून ठेवण्याचें साधन? फ्रँकलिन दुसऱ्या पक्षाचे. इतर कित्येक अभ्यासक बाड हा एक ग्रंथ मानून वाचतात. या वादाचा निकाल कसाही लागो. बाडांचा क्रम परत जुळविला गेला नसता तर हा वाद उपस्थितच झाला नसता, एवढें खरें.

१०. उपसंहार

२०१३ सालीं हार्वर्ड, ॲमहर्स्ट, बोस्टन इत्यादि ठिकाणच्या हस्तलिखितांचीं चित्रें संगणकाच्या जाळ्यावर एकत्र पाहण्याची सोय झाली. दोन घरांत वांटले गेलेले कागद सव्वाशें वर्षांनीं एका पडद्यावर शेजारीं शेजारीं आले. प्रत्यक्ष मालकी मात्र अजून निरनिराळीच आहे. ज्यास अमेरिकेस जाणें शक्य नाहीं असा आपल्याकडील विद्यार्थीही आतां छापील पाठ हातीं घेऊन त्याच्याशेजारीं अस्सल पान पाहूं शकतो. या कवयित्रीचा अभ्यास करूं इच्छिणारानें त्याच रीतीनें करावा, अशी माझी शिफारस आहे. प्रथम कविता छापील वाचावी. मग पान पाहावें. फुल्या कोठें आहेत त्या मोजाव्या. तळचे शब्द एक एक करून ओळींत घालून पाहावे. आणि शेजारच्या पानावर कोणती कविता आहे तीही वाचावी.

आपल्या संग्राहकांसाठीं या हकीकतींतून तीन सूचना निघतात. कोणतेंही बाड सोडण्यापूर्वीं त्याची शिवण, भोकें, पानांचा क्रम व कोरीं पानेंही टिपून ठेवावीं. आज तीं बिनमहत्त्वाचीं वाटलीं तरी पुढील संशोधकाचा सारा आधार त्यांवरच असूं शकेल. एकाच घराण्याचे कागद भाऊबंदांत वांटले गेले असल्यास, वांटणीपूर्वींची यादी तरी एका ठिकाणीं करून घ्यावी. आणि समासांतील दुसरा शब्द दिसला कीं तो नकलकाराचा प्रमाद किंवा शोधकाची दुरुस्ती असें धरून चालण्यापूर्वीं, तो कर्त्याच्या स्वतःच्या हातचा विकल्प असूं शकेल काय, हें अक्षर ताडून पाहावें. संतकवींच्या व पंडितकवींच्या ज्या थोड्या पोथ्या कर्त्यांच्या स्वहस्तींच्या म्हणून दाखविल्या जातात, त्या या दृष्टीनें पुन्हां एकदां तपासून पाहण्याजोग्या आहेत.